जवायाची गोळी

गोंदिया

गोंदिया स्टेशनावर उतरलो तेव्हा माझा उजवा पाय बुटात जाईना. इस्लामपूरहून निघताना हा पाय माझा होता, नागपूरच्या पुढे कधीतरी तो परका झाला. अंगठ्याचं मूळ लालबुंद झालं होतं आणि नुसती चादर घासली तरी डोळ्यांत पाणी येत होतं. चूक माझीच. गाडीतल्या संडासात जायला लागू नये म्हणून दीड दिवस मी जेमतेम घोटभर पाणी प्यायलो होतो. गाऊटच्या माणसानं असं करू नये, हे मला पंधरा वर्षं ठाऊक आहे. हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलंय, त्यामुळे रक्तातलं युरिक ॲसिड वाढून त्याचे खडे सांध्यात कसे साचतात, हे फळ्यावर काढूनही दाखवीन. सुनंदा, माझी बायको, म्हणते की यांचं ज्ञान आणि यांचं वागणं एका घरात राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

तिनंच मला पाठवलं होतं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तिला प्रवास शक्य नव्हता. तिचा धाकटा भाऊ तुळशीराम फोनवर हल्ली दोन वाक्यांत दमायचा. "मंडईचं निमित्त करा, पण त्याला नीट बघून या," असं ती म्हणाली. मंडई म्हणजे या झाडीपट्टीतली दिवाळीनंतरची गावजत्रा. भाऊबीज झाली की आज या गावची, उद्या त्या गावची, असं महिनाभर चालतं आणि घराघरांत पाहुणे उतरतात. आमच्याकडे दिवाळी चार दिवसांत आटोपते, इथे ती संपता संपत नाही.

लंगडत स्टेशनाबाहेर आलो. गोंदिया शहरात मराठी शोधावी लागते. रिक्षावाल्यानं माझ्या पायाकडे बघून विचारलं, "अंकलजी, पाँव में क्या हो गया?"

"गाऊट."

"गठिया बोलो ना. मेरी अम्मा को भी था."

"आता बरं आहे का त्यांना?"

"अब तो अम्मा ही नहीं है," असं म्हणून त्यानं रिक्षा चालू केली.

लॉजवर पोचल्यावर समोसा खाल्ला आणि त्यावर माझी ठरलेली दुखण्याची गोळी घेतली. माझ्या डॉक्टरांनी ती मला लिहून दिली आहे, एका वेळेला फार तर चार दिवस, भरल्या पोटी. वर्षातून दोनदा मी ती घेतो आणि दुसऱ्या दिवशी माणसात येतो. तसंच झालं. सकाळी बूट चढला.

केशोरीकडे

बल्लारशाच्या गाडीनं अर्जुनीला उतरलो आणि तिथून केशोरीच्या रस्त्याला लागलो. सासुरवाडीचं गाव केशोरीच्या अलीकडे, रस्ता सोडून आत आहे. त्याचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेल. वाटेत दोन्ही बाजूंना धान कापून आडवं टाकलं होतं. कापलेल्या धानाच्या त्या ओळींना इथे कडपा म्हणतात. ओलसर गोड वास सगळ्या हवेत भरला होता. मधूनच जंगल जवळ यायचं, पुन्हा मागे सरायचं, आणि मग एखादा तलाव दिसायचा.

हे तलाव बघायला तरी माणसानं इकडे यावं. आमच्याकडे पाणी विहिरीत खोल उतरून शोधतात, इथे ते पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चढून बघतात. सुनंदाच्या माहेरच्यांच्या पूर्वजांनी गावचा तलाव बांधला, आणि त्याची राखण पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घरात आहे. तुळशीराम गावचा पाणकर. तलावाचं दार, ज्याला हे लोक तुडूम म्हणतात, ते उघडायचं, पाटाचं पाणी पाळीपाळीनं प्रत्येकाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, न्यायचं आणि भांडणं मिटवायची. पावसाळ्यात आणि नंतरही तो दिवसभर अनवाणी, शेतांच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालत असतो. म्हणजे पाय हीच त्याची इस्टेट.

घरी पोचलो. अंगणात पाट मांडलेला होता. जावई आला की उंबऱ्याबाहेरच त्याचे पाय धुवायचे, ही इथली रीत. मला दरवेळी अवघडल्यासारखं होतं, पण नको म्हटलं तर सगळं घर कष्टी होतं. तुळशीराम स्वतः पितळी तांब्या घेऊन आला. वय बावन्न. चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली पिशव्या, रंग राखेसारखा. तो माझ्यासमोर बसला, म्हणजे भिंतीला धरून हळूहळू खाली उतरला.

"भाटवे, पाय द्या," तो म्हणाला. भाटवे म्हणजे बहिणीचा नवरा.

मी पाय पुढे केला. "तुमचाबी सुजून राहिला ना," तो हसला. "आपला दोघाईचा एकच रोग."

तेव्हा मी त्याच्या पायांकडे बघितलं. माझा एक सांधा सुजला होता, लाल आणि गरम. त्याचे दोन्ही पाय घोट्यापासून पोटऱ्यांपर्यंत फुगलेले, पांढुरके, थंड. मी वाकून नडगीवर बोट दाबलं आणि काढलं. खळगा तसाच राहिला. मी काही बोललो नाही. हा गाऊट नव्हता. त्याच्या अंगात पाणी साचत होतं, आणि पाणी बाहेर टाकणारा अवयव कुठला, हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला शिकवत आलो होतो.

मंडईचा दिवस

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडई भरली. सांजेपर्यंत गाव माणसांनी फुलून गेलं. खेळण्यांची दुकानं, भज्यांच्या कढया, पाळणा, आणि रात्रीच्या नाटकासाठी बांधायला घेतलेला मंडप. तुळशीरामला चालवेना म्हणून मी एकटाच फिरलो. फिरलो म्हणजे मिरवलो. कारण दर दहा पावलांवर कुणीतरी थांबवत होतं.

"हेच ना ते गोळीवाले जवाई?"

"जवाईबापू, तुमची गोळी म्हंजे गोळी! मांगच्या रोवन्यात कंबर धरली होती माही. एक घेतली का दिवसभर वाकून."

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होती आणि तुळशीरामचा अंगठा सुजला होता. तुडूम उघडायचं होतं, सगळं गाव पाण्यासाठी खोळंबलेलं. मी इथेच होतो. माझ्या गोळ्यांचं पाकीट त्याला दिलं आणि म्हणालो, घे बिनधास्त, मी घेतो. दुसऱ्या दिवशी तो चालत पाळीवर गेला. तेवढं पाकीट देऊन मी परत गेलो आणि विसरलोही.

गाव विसरलं नव्हतं. रिकामं पाकीट दाखवून दुकानातून तीच गोळी आणायची पद्धत पडली. तिला नावही पडलं, जवायाची गोळी. रोवण्यात बायांच्या कमरेला, कापणीत गड्यांच्या गुडघ्याला, सगळ्यांना ती. मी कबूल करतो, त्या दुपारी तासभर मला फार बरं वाटलं. जन्मभर मी लोकांना न मागता सल्ले दिले. शेजाऱ्याला पित्तावर, मुख्याध्यापकांना केसांवर. कुणी ऐकलं नाही. इथे एक अख्खं गाव माझं ऐकत होतं.

मग भज्यांच्या कढईपाशी उभा असताना ती गोळी आणि तुळशीरामचे सुजलेले पाय यांचा संबंध एकदम माझ्या ध्यानात आला, आणि मी घराकडे वळलो.

देवका, तुळशीरामची बायको, चुलीपुढे होती. मंडईचं मटण शिजत होतं. चिन्नोर तांदळाच्या भाताचा वास घरभर दरवळत होता. कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या झाल्या होत्या, वांग्यात वाळलेले झिंगे पडले होते. जावयासाठी काळीज वेगळं तळून ठेवलं होतं. काळीज, झिंगे, मटण, गाऊटवाल्यानं ज्याच्यापासून पळावं ते सगळं एका ताटात, आणि तेही प्रेमानं. एरवी मी दोन विनोद करून खाल्लं असतं.

"देवका, तुळशीराम ती गोळी किती घेतो?"

"रोज एक. दुखला का दोन."

"रोज? चार वर्षं?"

"रोजच ना. पानी सोडाले जावा लागते. आता त पायच उचलत नाई, म्हून दोन."

"त्याला बीपी आहे, शुगर आहे. डॉक्टरनं काही सांगितलं नाही?"

तिनं कोनाड्यातून कागद काढून दिला. दोन वर्षांपूर्वीचा, घडीवर फाटलेला. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, किडनी कमजोर आहे, दुखण्याच्या सर्व गोळ्या बंद. खाली युरिक ॲसिड कमी करणारी एक गोळी रोज घ्यायला सांगितली होती.

"हे वाचलं होतं ना?"

"वाचला. डॉक्टरबाईनं तोंडानंबी सांगतला. तवापासून दुकानाची एक गोळी घरात आनली नाई मी. डोका दुखला तरी नाई."

"मग ही?"

देवकानं माझ्याकडे जरा आश्चर्यानंच बघितलं. "हे त तुमची आहे ना, जवाईबापू. तुमी हातानं देल्ली. ते कायले बंद करू?"

मी चुलीपुढच्या पाटावर बसलो. तिचा हिशोब तिच्या जागी अगदी चोख होता. डॉक्टरनं दुखण्याची औषधं बंद केली होती. जावयानं दिलेली वस्तू औषधात येत नव्हती, ती आहेरात येत होती. आहेर कुणी नाकारत नाही आणि टाकूनही देत नाही. पुढची पाकिटं दुकानातूनच आली, पण ती आणताना नाव माझं घेतलं होतं.

"आणि ही रोजची, युरिक ॲसिडची?"

"ते पंधरा दिवस घेतली. दुखना काई कमी झाला नाई तिच्यानं. मंग सोडली."

तेवढ्यात तुळशीराम आतून भिंतीला धरत आला. काळजाची वाटी त्यानं स्वतः माझ्या ताटाशी ठेवली. मी ती बाजूला सारली आणि म्हणालो, उद्या सकाळी आपण गोंदियाला जातोय. तो काही न विचारता बरं म्हणाला.

पुन्हा गोंदिया

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर तिशीच्या होत्या. रक्ताचा कागद आला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि मला बाहेर बोलावलं.

"काका, दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्यात. दुखण्याची गोळी कुठली घेतात, किती वर्षं?"

मी सांगितलं. कुणी दिली तेही सांगितलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या नुसत्या खुर्चीवर बसल्या.

"रोज कुणीतरी येतं असं," त्या म्हणाल्या. "शेजाऱ्यानं दिली, मामानं दिली. गाऊट एकटा कधी येत नाही काका. मागे बीपी असतं, शुगर असते, किडनी असते. तुम्हाला चार दिवस चालते तीच गोळी किडनी कमजोर असलेल्याला चालत नाही, एक दिवससुद्धा. त्यांना दुखण्यावर वेगळं काही देता आलं असतं, कमी मात्रेत, बघून. बीपीची जी लघवी वाढवणारी गोळी चालू होती, तीच युरिक ॲसिड वाढवते. ती बदलता आली असती. आणि युरिक ॲसिडची गोळी दुखणं थांबवत नाही, दुखणं पुन्हा येऊ नये म्हणून ती असते. ती दुखत नसतानाही घ्यायची. हे त्यांना कुणी समजावलं नसणार."

"आता?"

"डायलिसिस. आठवड्यातून दोनदा तरी. आणि तुमची किडनी कधी तपासली?"

तीन वर्षांपूर्वी, मी म्हणालो. त्यांनी माझंही रक्त घेतलं. माझा आकडाही चांगला नव्हता. गोळी मलाही बंद झाली.

तुळशीरामला वॉर्डात ठेवून घेतलं. मी त्याच्या खाटेशी बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. ती गोळी तुला मी दिली आणि तिनंच हे झालं, असं म्हणालो.

"मले वाटलाच होता," तो म्हणाला. "तुमी परवा पायाले बोट दाबला अना गप झाले. तुमी कवा गप राहता का?"

मग माझा हात धरला. "पन गावात सांगू नोका, भाटवे. जवायाचा नाव खराब झाला का बहिनीचा नाव खराब होते."

डायलिसिसचं नाव काढताच मात्र त्यानं तोंड फिरवलं. दोन दिवस गोंदियाला काढले तर पाणी कोण सोडणार? हाताला नळी लावून तुडूम कसं उघडणार? मशीनवर गेलेला माणूस मशीनचाच होतो, असं त्यानं कुठेतरी ऐकलं होतं. "मी घरीच बरा," एवढंच तो म्हणत राहिला. डॉक्टर म्हणाल्या, घरी नेलंत तर काही आठवडे.

गावात, पुन्हा

बरोबर आलेल्या देवकाला तुळशीरामजवळ बसवून तिचे कपडे आणायला मी एकटा गावात गेलो. अंगणात बाया जमल्या. तुळशीराम कसा आहे, हे विचारायला आलेल्या. बहुतेक रोवण्यातल्या, हाताला चिखलाचे जुने वण असलेल्या. त्याची विनवणी मला आठवत होती. पण समोर बसलेल्या बायांपैकी निम्म्यांच्या घरी ते रिकामं पाकीट होतं, हेही मला दिसत होतं.

मी सांगितलं. जवायाची गोळी तुळशीरामच्या किडन्यांवर उठली, तुमच्यावरही उठेल, कुणालाही बीपी असेल, शुगर असेल, अंगाला सूज असेल तर ती तोंडात घालू नका, सगळ्यांनी जाऊन रक्त तपासून घ्या. मी चुकलो, असंही सांगितलं.

मग एक म्हातारी, जनाबाई, पुढे सरकली. मंडईत मला थांबवून, जावई म्हणून पाया पडणाऱ्यांपैकी ती एक.

"मंग आता कोनती गोळी घेवाची?"

"कुठलीच नाही, जनाबाई. आधी डॉक्टर."

"डॉक्टर त सांगन आराम करा. अना रोवना कोन करन? पानी आला का रोवना लावाच लागते. दहा तास वाकून राहावा लागते. कंबर त दुखनारच ना." तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखर उत्तर हवं होतं. "तुमी मास्तर आहा. सांगा."

गरम पाण्यानं शेका, मध्ये मध्ये कंबर सरळ करा, पाणी भरपूर प्या, असं काहीबाही पुटपुटलो. तिनं ऐकून घेतलं आणि उठली. जाताना माझ्या पाया पडली नाही. एकदोघी तरी रक्त तपासायला जातील, अशी आशा आहे. जातीलच, असं लिहिण्याइतका मी आता शहाणा राहिलेलो नाही.

गोंदिया, शेवटचा दिवस

गावातली गोष्ट माझ्या आधी दवाखान्यात पोचली होती. कुणीतरी फोन केला असणार. तुळशीराम उशीला टेकून बसला होता, धाप लागलेली. देवका पायाशी होती, डोळे सुजलेले, माझ्याकडे बघत नव्हती.

"सांगूनच टाकला ना तुमी," तो म्हणाला.

"हो."

"काऊन सांगतला? आता गावात तुमचा कोनी आयकनार नाई."

"नको ऐकू दे."

डॉक्टर दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. सकाळपासून त्यांनी दोनदा समजावलं होतं, देवकानं पाया पडून विनवलं होतं, आणि त्यानं दोघींनाही नाही म्हटलं होतं. आज मशीनवर घेतलं नाही तर उद्या उपयोग होईलच असं नाही, असं त्या मला जिन्यातच म्हणाल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोला, असं त्यांना म्हणायचं होतं.

त्याला काहीही सांगायचा माझा हक्क संपला होता. मी गप्प बसायला हवं होतं, आणि गप्प बसलो असतो तर तो मेला असता.

"तुळशीराम," मी म्हणालो, "मशीनवर जा."

"जाऊ?"

"जा."

"तुमी म्हनता त जातो," तो म्हणाला, आणि खाटेवरून पाय खाली सोडले.

त्यानं किती दिवस म्हणून विचारलं नाही. किती दुखेल, पाणी कोण सोडेल, बरा होईन का, काहीच नाही. जो माणूस दोन दिवस डॉक्टरला नाही म्हणत होता, तो माझ्या एका शब्दावर उठून उभा राहत होता. अरे, मघाशी म्हणालास तसं आताही मला काऊन म्हण, का जाऊ म्हणून विचार, असं मला त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. तो खाली वाकून सुजलेल्या पायांनी चपला चाचपत होता.